गळ टाकण्याआधी

प्रश्न : धुळ्याहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय 47, बँकेत नोकरी. डिप्लोमाला असताना एकत्र राहिलेले नऊ मित्र दर वर्षी दोन दिवस गळ घेऊन कुठल्यातरी पाण्यावर जातात आणि नियोजन कायम यांच्याकडेच असतं. गेल्या वर्षी दोन दिवसांत चार तिलापिया मिळाले, तेही तळहाताएवढे, त्यामुळे ‘ट्रिप फसली’ असं ते म्हणतात. या वेळी 26 जानेवारीला जोडून दोन रात्री जायचं आहे आणि जागा मासा नक्की मिळेल अशीच हवी आहे. ग्रुपवर मतं मागवली तेव्हा नर्मदेच्या बॅकवॉटरला तीन, उकाईला दोन, अनेर धरणाला दोन आणि हतनूरला एक मत पडलं. नववा मित्र रावेरकडे केळी करतो. सगळ्यांना गळ धरायला त्यानेच शिकवलं. तो मेसेज वाचतो, पण उत्तर देत नाही. गेल्या वर्षीची जागा त्यानेच सुचवली होती, म्हणून तो रुसला असावा असं यांना वाटतं. एका मित्राची अँजिओप्लास्टी झालेली आहे. दोघं शाकाहारी आहेत, त्यातला एक माळकरी. सुरतवाल्या मित्राला त्याचा 12 वर्षांचा मुलगा सोबत आणायचा आहे. वर्गणी माणशी 4500 रुपये. ‘ताई, कोणी नाराज होणार नाही आणि मासाही मिळेल अशी जागा सांगा,’ अशी त्यांची विनंती आहे.

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही मनातल्या मनात धरणंच मोजत होते. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या रावेरच्या मित्रापाशी थांबले.

तुम्ही लिहिता, तो रुसलाय. हे त्याने सांगितलं का? की निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, यावरून तुम्ही ताडलंत? कारण तुम्ही धरलेली तारीख मला खटकते. जानेवारीचा शेवट म्हणजे आपल्याकडे थंडीचा कडाका. त्या दिवसांत केळीला चरका बसायची भीती असते. रावेर-यावलकडचे शेतकरी थंडीच्या रात्री बागेच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, रात्रीचं पाणी देतात आणि पारा किती उतरला हे सकाळी उठल्याबरोबर बघतात. अशा वेळी बाग सोडून दोन रात्री बाहेर राहायला त्याला कसं जमणार? आणि हे नऊ जणांच्या ग्रुपवर, जिथे निम्मे लोक पगारदार आहेत, तिथे त्याने कसं लिहायचं? वर्गणीचंही तसंच. केळीचा भाव पडलेला असला की 4500 हा आकडा एखाद्याला गप्प करू शकतो. त्याचं खरं कारण काय, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुम्ही त्याला कुठे जायचं ते विचारलंत, कधी जमेल आणि कितीत जमेल हे कोणी विचारलेलं पत्रात दिसलं नाही.

‘ट्रिप फसली’ हेही मला नीट कळलं नाही. कोण म्हणालं तसं? त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की रात्री तीनपर्यंत शेकोटीजवळ बसलो होतो आणि पुण्याचा मित्र निघताना म्हणाला, पुढच्या वर्षी तीन दिवस ठेवा. फसलेल्या ट्रिपला कोणी एक दिवस वाढवून मागत नाही. मासा न मिळाल्याचा सल तुमचा आहे, कारण ठरवलं तुम्ही होतं. तो मान्य करा, त्यात वावगं काही नाही. फक्त तो सगळ्या नऊ जणांचा आहे असं धरून नर्मदेपर्यंत धावू नका.

आता जागांकडे येते.

अनेर यादीतून आजच काढून टाका. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण आणि त्याभोवतीचा परिसर अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि अभयारण्यात विनापरवाना गळ टाकणं हा गुन्हा ठरतो. ‘तिथे कोणी बघत नाही’ असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने तर नाहीच.

उकाईचं पाणी आपल्या नवापूरच्या बाजूपर्यंत येतं हे खरं, पण सुरतवाले तुम्हाला धरणाच्या बाजूला बोलावणार. तिथे राज्य गुजरातचं, म्हणून नियम आणि परवानगीही तिथलीच. शिवाय गुजरातेत दारूबंदी आहे. तुमच्या पत्रात ‘थोडं बसणं होतं’ असं एक वाक्य आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. गाडीत एक बाटली सापडली तरी दोन दिवस पोलीस ठाण्यात जातील. आणि उकाईला जा किंवा कुठेही, पाण्याच्या काठी दारू नको. हे मी ठासून सांगते. खान्देशात दर वर्षी धरणांवर, बंधाऱ्यांवर, नदीच्या डोहांत माणसं बुडतात. पोहता येतं असं म्हणणारेच बऱ्याचदा पुढे गेलेले असतात. या वेळी सोबत 12 वर्षांचा मुलगा असणार आहे, तेव्हा हा विषय मित्रांसमोर काढणं तुम्हाला सोपंही जाईल.

नर्मदेला तीन मतं पडली, त्यात एक तुमचं. ओढ समजते. सातपुड्याच्या कुशीत एवढं मोठं, निळं पाणी दुसरीकडे बघायला मिळत नाही. पण हे पाणी कशावर उभं आहे ते जाण्याआधी मनात आणा. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. ती सगळी नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आदिवासींची. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांच्यातले कितीतरी आता त्याच पाण्यात मासेमारी करून जगतात. तिथे आपण ‘मोठा मासा’ शोधायला जायचं असेल तर त्यांचे पाहुणे म्हणून, त्यांच्या बोटीतून, त्यांना मोबदला देऊन जायचं. तेही तयारीने. तिथल्या काही पाड्यांवर दवाखाना बोटीतून येतो. धडगाव-मोलगीचे घाट उतरून, पुढे बोटीत बसून, मोबाईलला रेंज नसलेल्या ठिकाणी अँजिओप्लास्टी झालेल्या मित्राला न्यायचं आणि रात्री त्याच्या छातीत कळ आली तर? नर्मदेत मगरी आहेत, हेही त्या मुलाच्या वडिलांना माहीत असायला हवं. नर्मदा मी कायमची नको म्हणत नाही. एखाद्या वर्षी चार धडधाकट मित्र जा, त्याच कामासाठी जा, आधी एकदा जाऊन तिथल्या माणसांना भेटून या. नऊ जणांच्या या गोतावळ्याला या वर्षी ती जागा नाही.

राहता राहिलं हतनूर, एका मताचं. ते मत कोणाचं हे तुम्ही ओघात सांगून गेलात. भुसावळच्या, अँजिओप्लास्टीवाल्या मित्राचं. तो ‘मला लांब झेपणार नाही’ असं म्हणाला नाही, त्याने फक्त जवळच्या धरणापुढे अंगठा दिला. मतं मोजताना तुम्ही ते सगळ्यात खाली टाकलंत. मी असते तर सगळ्यात आधी वाचलं असतं.

तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात आणि त्याच्या खाली हतनूर धरण आहे. पावसाळ्यात ‘हतनूरचे 41 दरवाजे उघडले’ ही बातमी आपण सगळेच वाचतो. त्याचं मागचं पाणी मुक्ताईनगर, रावेरच्या बाजूला पसरतं. म्हणजे तुमच्या केळीवाल्या मित्राच्या अंगणापर्यंतच म्हणा ना. भुसावळचा दवाखाना हाताशी, रेल्वे पुण्याहूनही आणि सुरतेहूनही. माझं मत हतनूरच्या मागच्या पाण्याला आहे, पण दोन अटींवर.

पहिली अट तारखेची. जानेवारीतलं थंड पाणी गळाला सोयीचं नसतं. रोहू, कटला, मृगळ ही मंडळी गारठ्यात मंदावतात, खाणं कमी करतात आणि दुपारी ऊन चढल्यावरच थोडी हलतात. गेल्या वर्षीही तुम्ही जानेवारीतच गेला होतात ना? मग चार तिलापियांचा दोष जागेला कशाला द्यायचा? आणि तो मित्र जागा चुकीची सांगितल्याचं ओझं वर्षभर मनात वागवत असेल तर ते उतरवणं तुमच्याच हातात आहे. पावसाळ्यात जाऊ नका, तो माशांच्या विणीचा काळ आणि पुराचाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, काठावर सावली नसते. दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस चांगले, पण ते गेले. आता फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा बघा. फक्त महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस सोडा. त्या वेळी चांगदेव-मुक्ताईची यात्रा असते, वारकऱ्यांनी काठ भरलेला असतो. दिंड्या चालल्या असताना शेजारी गळ टाकून बसणं बरं दिसत नाही, आणि तुमच्या माळकरी मित्राला तर ते सोसणार नाही. 

दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते.

माझं आजोळ चोपडा तालुक्यात, तापीकाठी. मामांना गळाचं वेड होतं. भाकरीचा चुरा आणि शेंगदाण्याची पेंड मळून ते गोळ्या करायचे, त्या ओल्या फडक्यात बांधायचे आणि निघायचे. पण नदीकडे नाही. आधी भोईवाड्यात, मासे धरणाऱ्या भोयांच्या वस्तीत. तिथे ओट्यावर बसून विचारायचे, आज जाळी कुठे लागलीत? ते सांगतील त्याच्या उलट अंगाला आम्ही जाऊन बसायचो. मी एकदा कंटाळून म्हटलं, मामा, नदी काय त्यांची आहे का? तर म्हणाले, ‘आधी त्यासले इचार, मंग पाणीमा गय टाक.’ म्हणजे आधी त्यांना विचार, मग पाण्यात गळ टाक.

ते मला कळायला वीस वर्षं गेली. नोकरीला लागल्यावर आम्ही सात-आठ जण एका तलावावर गेलो. कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी एकाचा गळ कशात तरी अडकला. मोठा मासा म्हणून सगळे ओरडलो, दोघांनी मिळून दोर खेचला. वर आला तो जाळ्याचा तुकडा. सकाळी एक म्हातारे भोई काठावर येऊन बसले. पाय लांब करून त्यांनी फाटलेलं जाळं उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलं, बांबूच्या चपट्या सुईवर दोरा भरलेला होता, ती जाळ्याच्या एका घरातून घालायची, बोटाने माप घ्यायचं, गाठ मारायची, पुढचं घर. आम्ही चहा केला, त्यांना दिला, आमचं आवरून झालं, तरी ते निम्म्यावरही आले नव्हते. आम्हाला ते काही बोलले नाहीत. पैसे पुढे केले तेव्हा एवढंच म्हणाले, काल विचारलं असतं तर जाळं कुठे आहे ते दाखवलं असतं.

हे एवढं लांबवून सांगते कारण ‘मासा कुठे नक्की मिळेल’ या तुमच्या प्रश्नात मासा कोणाचा हे कुठेच येत नाही. आपल्या धरणांतला रोहू-कटला बहुतेक वेळा आपोआप झालेला नसतो. धरण मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेलं असतं. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत आणते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाण्यात सोडते आणि वाढायची वाट बघते. त्या संस्थेचे सभासद पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर फुगवलेल्या ट्यूबवर बसून हाताने वल्हवत जाळी काढायला जातात. आपली ती वर्षातली एक मजा असते, त्यांचा तो रोजचा बाजार.

म्हणून गाडी ठरवण्याआधी हे करा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात फोन करून तुम्ही बसणार त्या भागाचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारा. मग संस्थेच्या माणसाशी बोला. किती जण, किती गळ, कोणता काठ, शुल्क किती. परवानगी कागदावर घ्या, दोन ओळी असल्या तरी चालतील. त्यांच्यातल्याच एका माणसाला दोन दिवसांची मजुरी देऊन सोबत घ्या. जाळी कुठे आहेत, चिखल कुठे आहे आणि मासा कुठे आहे, हे तिन्ही त्याला ठाऊक असतं. तुमच्या ‘नक्की मिळेल’च्या जवळ जाणारा एवढाच एक मार्ग मला माहीत आहे. गळाला लागलेला मासा तोलून विकत घ्या. वीतभर असेल तर हात ओले करून गळाचा काटा काढा आणि सोडून द्या. आणि काहीच लागलं नाही तर त्यांच्याच पहाटेच्या जाळ्यातला ताजा रोहू घ्या. रश्शाला तो कमी पडत नाही.

चिखलाचं लिहिलं ते गंभीरपणे घ्या. पूर्णा-तापीने आणलेला गाळ हतनूरच्या मागच्या पाण्यात खूप साचलाय. पाणी मागे सरकलं की काठ वाळलेला, भेगाळलेला दिसतो. वरचा पापुद्रा पायाखाली तुटतो आणि खाली मांडीपर्यंत चिखल. अडकलेला गळ सोडवायला कोणीही आत शिरायचं नाही, दोर कापायचा. मात्र कापलेला दोर गोळा करून परत आणा. हिवाळ्यात त्या पाण्यावर परदेशी बदकं आणि इतर पाहुणे पक्षी मोठ्या संख्येने येतात, त्यातले काही मार्चपर्यंत रेंगाळतात. नायलॉनच्या गुंत्यात पाय अडकलेला पक्षी सुटत नाही. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खालच्या अंगाला तर जायचंच नाही. बोटीत बसायचं असेल तर माणशी एक लाइफ जॅकेट, मुलाच्या मापाचं वेगळं. ते मिळालं नाही तर काठावरूनच बसा. अँजिओप्लास्टीवाल्या मित्राची डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या खिशात आहे आणि कोणत्या खिशात आहे हे आणखी दोघांना माहीत हवं. 108 नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण आपण नेमके कोणत्या गावाच्या शिवारात बसलोय हे सांगता येत नाही. ते नाव लिहून ठेवा.

कोणी ‘एवढी कटकट कशाला, माझ्या ओळखीच्या शेततळ्यावर जाऊ’ म्हणेल. मालकाची परवानगी असेल तर वाईट नाही, मुलासाठी तर बरंच. पण शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. गाठी मारलेला जाड दोर काठाला पक्का बांधून आत सोडल्याशिवाय तिथे बसू नका.

आता तुमचे शाकाहारी मित्र. ‘ते काय, सोबतीला येतात’ असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, गळ्यात तुळशीची माळ असताना मासे धरायच्या सहलीला दर वर्षी येणारा माणूस तुमच्यासाठी काय काय बाजूला ठेवून येतो, याचा विचार करा. त्याला उरलेला भात आणि लोणचं नको. एक जेवण पूर्ण त्याच्या पद्धतीचं, सगळ्यांसाठी. भरताची वांगी अजून मिळतील, तुरीच्या काड्यांवर भाजा, कळण्याच्या भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. ते जेवण आधी होऊ द्या, भांडी वेगळी ठेवा. माशाची चूल दुसऱ्या दिवशी पेटवा. आणि रावेरच्या मित्राचं घर जवळ आहे म्हणून त्याच्या घरच्या वहिनींवर नऊ माणसांचा स्वयंपाक टाकू नका. भाकरी गावातल्या एखाद्या बचत गटाकडून करून घ्या, पैसे द्या.

खर्चही उतरेल. दोन रात्रींची एक रात्र करा, रेल्वेने येणाऱ्यांना भुसावळहून घ्या, संस्थेचं शुल्क, सोबतच्या माणसाची मजुरी आणि जेवण धरूनही 4500 लागायचं कारण मला दिसत नाही. हिशेब आधी मांडा आणि आकडा ग्रुपवर टाकण्यापूर्वी ज्याला जड जाईल असं वाटतं त्याच्याशी एकट्याशी बोला.

पुन्हा मतदान घेऊ नका. अंगठे मोजून नर्मदा येते, कारण ती तीन माणसं धडधाकट आहेत आणि मोबाईलवर पटकन उत्तर देतात. प्रत्येकाला पाच मिनिटं फोन करा आणि एकच विचारा, तुला काय जमणार नाही? उत्तरं लिहून घ्या. नर्मदेला मत दिलेले दोघं कुरकुरतील. त्यांना तुमचं मत तुम्ही का बदललंत ते सांगा, माझं नाव पुढे करू नका.

पहिला फोन रावेरला. मेसेज नको. ‘कुठे जायचं’ने सुरुवात करू नका, बागेचं विचारा, थंडी कशी आहे ते विचारा. मग सांगा की तारीख पुढे नेतोय आणि हतनूरला काठ कोणता धरायचा हे त्यानेच ठरवायचं आहे, भोई मंडळींशी बोलायलाही तोच हवा. या आठवड्यात शेतातली लाईट त्याला दिवसा आहे की रात्री, यावर तो कधी सापडेल ते अवलंबून आहे. रात्रीची असेल तर सकाळी दहाच्या आत लावू नका, त्याला झोपू द्या.